टोमॅटोची रोपे काडीसारखी वाढून आडवी पडत आहेत : दोष प्रकाशाचा की पाण्याचा?

गॅलरीतली बाग :

नमस्कार. यंदा मी प्रथमच घरात ट्रे आणि दिवे लावून बियांपासून रोपे करायला घेतली आहेत. मांडणी अशी आहे : ५० कप्प्यांचा एक ट्रे, त्यात भिजवून फुलवलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), खाली उबेसाठी हीट मॅट, वर पारदर्शक झाकण आणि ट्रेच्या बरोबर मध्यावर येईल अशी चार फुटी, २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब. ही ट्यूब मांडणीच्या वरच्या फळीला कायमची बसवलेली असल्यामुळे ती ट्रेपासून सुमारे ६० सेंटिमीटर उंचीवर आहे. सकाळी उठले की दिवा लावते आणि झोपताना बंद करते. निम्म्या ट्रेत टोमॅटो पेरले, उरलेल्या निम्म्यात वांगी आणि मिरची.

पेरणीला आज १४ दिवस झाले. टोमॅटो सातव्या दिवशी उगवले, २५ कप्प्यांपैकी २३ कप्प्यांत, आणि मला फार आनंद झाला. तो चार दिवस टिकला. आता रोपे बोटभर उंच झाली आहेत, खोड शिवणाच्या दोऱ्याएवढे बारीक आहे, रंग फिकट पोपटी आहे आणि दोन बीजपत्रांच्या (बियातून प्रथम निघणाऱ्या पानांच्या) मध्ये खऱ्या पानाचा नुसता ठिपका दिसतो. कडेच्या ओळींतील रोपे मधल्या ओळीकडे अशी झुकली आहेत, जणू तिथे काही कुजबूज चालली आहे. कालपासून सहा रोपे आडवी पडली. पाणी कमी पडत असेल असे वाटून मी सकाळ-संध्याकाळ फवारा मारू लागले, तरी आज आणखी दोन पडली. वांगी नुकतीच वर येऊ लागली आहेत, मिरचीचा मात्र पत्ता नाही.

माझी साधी ट्यूब काढून जांभळा प्रकाश देणारे खास ग्रो लाइट घ्यावेत का? आणि आहेत ती रोपे वाचवता येतील का?

मोजपट्टी :

दिवा बदलण्याची घाई करू नका. आधी तो खाली आणा. रोपे उंच आणि बारीक होणे हे अंधारातून वाट काढणाऱ्या अंकुराचे स्वाभाविक वागणे आहे : प्रकाश पुरेसा मिळत नाही असे जाणवले की रोप पानांवरचा खर्च थांबवून सगळा साठा खोड लांबवण्यात घालते. तुमची ट्यूब ६० सेंटिमीटरवर आहे. ट्यूबसारख्या लांबट दिव्याचा प्रकाश जवळच्या अंतरात साधारणपणे अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणजे १० सेंटिमीटरवर जेवढा प्रकाश मिळाला असता त्याच्या सहाव्या भागापेक्षाही काहीसा कमी तुमच्या रोपांपर्यंत पोहोचतो आहे. एलईडी ट्यूब फारशी तापत नाही, त्यामुळे ती रोपांच्या शेंड्यांपासून ८ ते १० सेंटिमीटरवर ठेवण्यात काही धोका नाही. (जास्त वॅटच्या एलईडी पॅनेलला हे लागू नाही. ते एवढे जवळ आणले तर पाने पांढरी पडतात. त्यांचे अंतर निर्मात्याने दिलेल्या सूचनेप्रमाणेच ठेवावे.)

फळी हलत नसेल तर ट्रे उचला. ट्रेखाली पुठ्ठ्याची खोकी किंवा विटा रचल्या आणि रोपे वाढतील तसा एकेक थर काढला, की दोरी-साखळीचा खटाटोप करावा लागत नाही.

दिवा किती वेळ चालतो हेही तुम्ही नक्की सांगितलेले नाही. रोपांना रोज १४ ते १६ तास प्रकाश द्यावा आणि उरलेला वेळ पूर्ण अंधार. उठण्या-झोपण्याच्या वेळा रोज मागेपुढे होतात, म्हणून हे काम टायमरकडे सोपवावे.

जांभळ्या दिव्यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. लाल आणि निळा प्रकाश वनस्पती अधिक कार्यक्षमतेने वापरतात हे खरे, परंतु चांगल्या पांढऱ्या एलईडीमध्ये हे दोन्ही असतातच. त्यातही ५००० ते ६५०० केल्व्हिनच्या (म्हणजे थंड, निळसर छटेच्या) पांढऱ्या दिव्यात निळ्याचा वाटा बऱ्यापैकी असतो आणि निळा प्रकाश खोड आखूड ठेवतो. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळे पडले आहे की हिरवे आहे हेच कळत नाही.

मोबाइलमधील प्रकाशमापक ॲपने रोपांच्या उंचीवर, मध्यावर आणि कडेला किती लक्स येतात ते मोजून इथे लिहाल का? अशा ॲपचा आकडा अचूक नसतो, पण दोन जागांची तुलना करायला तो पुरतो.

जुना माळी :

वरचे उत्तर योग्य आहे, मात्र ते निम्म्या दुखण्याचे आहे. उंच वाढलेले रोप वाकते, कलते. ते एका रात्रीत आडवे होत नाही. तुमच्या ट्रेत दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालल्या असाव्यात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत.

पडलेले एक रोप चिमट्याने उचला आणि खोड कोकोपीटला जिथे टेकते ती जागा नीट पाहा. तिथे खोड पाण्याने भिजल्यासारखे काचेरी किंवा तपकिरी होऊन चिमटल्यासारखे बारीक झाले असेल आणि वरची पाने मात्र अजून हिरवी असतील, तर ती रोपांची मर आहे. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी-वर्गातील जीवांमुळे ती होते आणि सततचा ओलावा, कोंडलेली हवा व कमकुवत रोपे हे तिन्ही तिच्या सोयीचे असते. तुमच्याकडे नेमके हे तिन्ही जमून आले आहे. रोप पडले म्हणून तुम्ही फवारा वाढवला, फवाऱ्याने पृष्ठभाग अधिक ओला राहिला आणि त्यामुळे पुढची दोन पडली, असा माझा कयास आहे.

पडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. ते त्याच्या कप्प्यातील कोकोपीटसकट काढून टाका. झाकण आजच काढा; त्याचे काम पहिले अंकुर दिसेपर्यंतच असते. वरून फवारणे पूर्ण थांबवा. ट्रे उथळ परातीत ठेवून परातीत बोटाच्या पेराएवढे पाणी घाला, वीसेक मिनिटांनी उरलेले पाणी ओतून द्या आणि नंतर ट्रे हलका होईपर्यंत पाणी देऊ नका. हलका म्हणजे किती, हे हातालाच शिकावे लागते : पाणी दिल्यावर एकदा ट्रे उचलून पाहा आणि रोज सकाळी उचलत राहा, तिसऱ्या दिवसापर्यंत फरक आपोआप कळू लागतो. कोकोपीटच्या रंगावर विसंबू नका. ते वरून फिकट आणि कोरडे दिसते, पण बोट खुपसले की आत चिखल असतो. नवख्यांची सर्वाधिक रोपे या फसव्या रंगापायी जातात.

छोटा पंखा थेट रोपांवर न रोखता खोलीत हलकी झुळूक खेळेल असा लावा. दालचिनीची पूड भुरभुरण्याचा उपाय तुम्हाला कोणीतरी सांगेलच. मी तो दोन हंगाम केला. खोलीला सुगंध आला, रोपांत फरक दिसला नाही.

गॅलरीतली बाग :

दोघांचेही आभार. पडलेली आठही रोपे पाहिली. सात रोपांचे खोड कोकोपीटच्या पातळीला अगदी केसासारखे झाले होते आणि उचलताच तिथून तुटले. आठवे मात्र बुडाशी शाबूत होते, ते केवळ स्वतःच्या उंचीने कोसळले होते. म्हणजे दोन्ही दुखणी खरीच आहेत.

प्रकाश मोजला. ६० सेंटिमीटरवर मध्यभागी सुमारे १,१०० लक्स आले. ट्रेखाली खोकी रचून अंतर १० सेंटिमीटर केले तेव्हा मध्यभागी ८,००० च्या आसपास आले, पण ट्रेच्या लांब कडांना जेमतेम १,७००. कडेची रोपे मध्याकडे का झुकत होती हे तो आकडा पाहिल्यावर समजले. याचा अर्थ एक ट्यूब पुरणार नाही, असेच ना?

मोजपट्टी :

होय, तसाच अर्थ आहे. दिवा जितका जवळ, तितका त्याचा पट्टा अरुंद. त्यामुळे सुमारे २८ सेंटिमीटर रुंदीच्या ट्रेवर एकच ट्यूब जवळ आणली तर मधल्या दोन-तीन ओळी सुखात आणि कडा उपाशी राहतात. तशाच तीन ट्यूब ९-९ सेंटिमीटर अंतराने शेजारी बसवल्या, तर मध्यभागी १५,००० आणि कडेला ८,००० लक्सच्या जवळपास प्रकाश मिळायला हवा. दोन्ही लांब बाजूंना पांढरा पुठ्ठा उभा केला की बाहेर सांडणारा प्रकाश परत ट्रेत येतो. आरशासारखा चकचकीत कागद लावण्याची गरज नाही, साधा पांढरा रंग चांगले काम करतो.

आकड्यांमागचा हिशेबही सांगतो. लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठीचे माप आहे. वनस्पतीसाठी दर सेकंदाला चौरस मीटरवर किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात ते मोजतात. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सच्या आकड्याला ७० ने भागले तर अंदाजे तो आकडा मिळतो. १,१०० लक्स म्हणजे १५-१६ मायक्रोमोल. एवढ्यात टोमॅटोचे रोप कसेबसे जगते, वाढत नाही. १४,००० लक्स म्हणजे २००, आणि १६ तासांत त्याचे ११.५ मोल होतात (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल). रोपांना दिवसाला १० ते १२ मोल मिळाले की ती ठेंगणी आणि भरदार होतात.

कोंबफूट :

थोडा वेगळा मुद्दा मांडते, कारण सर्व चर्चा दिव्याभोवती फिरते आहे आणि हीट मॅटकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही. बी रुजायला ऊब लागते. रोप वाढायला प्रकाश लागतो. टोमॅटो उगवल्यानंतरही खालून ऊब चालू राहिली आणि वरून प्रकाश अपुरा पडला, तर रोपाला धावण्याची सक्ती होते पण खायला काही मिळत नाही. उगवलेल्या रोपांखालची मॅट बंद करावी आणि रात्री खोली १६ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरली तरी उतरू द्यावी.

तुमची खरी अडचण अशी आहे की मिरचीला अजून ती ऊब हवी आहे. मिरची २५ ते ३० अंशांत रुजते, दोन आठवडे घेणे तिला नवीन नाही आणि थंडाव्यात ती याहूनही रेंगाळते. म्हणून तिला मृत समजू नका. एका ट्रेत लवकर आणि उशिरा उगवणारी पिके एकत्र पेरली की कोणाचे तरी हाल होतातच. ट्रे कात्रीने कापून दोन तुकडे करा, मिरचीचा भाग झाकणाखाली मॅटवर राहू द्या आणि टोमॅटो-वांगी दिव्याखाली मोकळ्या हवेत आणा.

राहिलेल्या १५ टोमॅटोंबद्दल : खरे पान सुटे दिसू लागले की प्रत्येक रोप मोठ्या कुंडीत बीजपत्रांच्या खालपर्यंत गाडून लावा. टोमॅटोच्या गाडलेल्या खोडाला मुळे फुटतात, त्यामुळे उंची हा दोष उरत नाही. रोप उचलताना बीजपत्राला धरावे, खोडाला कधीही नाही. पान फाटले तर दुसरे येते, खोड चिरडले तर रोप संपते. कोकोपीटमध्ये अन्नांश जवळपास नसतो, तेव्हा खऱ्या पानांनंतर विद्राव्य खत नेहमीच्या मात्रेच्या पाव भागाने द्यायला सुरुवात करा. आणि दिवसातून एक-दोनदा शेंड्यांवरून तळहात अलगद फिरवत जा. हा खुळेपणा वाटेल, पण स्पर्शाने आणि झुळुकीने हलणारी रोपे आखूड व जाड खोडाची होतात.

गॅलरीतली बाग :

दहा दिवसांनी लिहिते आहे. तीन ट्यूब बसवल्या, टायमर १६ तासांवर लावला, ट्रे कापला. त्यानंतर टोमॅटोचे एकच रोप पडले. उरलेली १४ गाडून लावली आहेत आणि त्यांची नवी पाने आधीच्या पानांहून स्पष्टपणे गडद आहेत. मिरची सतराव्या दिवशी उगवली. एका अंकुराच्या टोकाला बियाचे टरफल टोपीसारखे अडकले होते, ते ओल्या बोटाने भिजवून ठेवले आणि संध्याकाळपर्यंत आपसूक गळाले. वाफ्यात लावण्यापूर्वी ही रोपे थेट उन्हात ठेवली तर चालतील का?

जुना माळी :

चालणार नाही. तुमच्या दिव्याखाली १५,००० लक्स आहेत आणि निरभ्र दुपारी उन्हात एक लाखाच्या आसपास असतात. घरात वाढलेले पान त्या उन्हात तासा-दोन तासांत कागदासारखे पांढरे पडते आणि ते पुन्हा हिरवे होत नाही. पहिल्या दिवशी सावलीत, वारा अडेल अशा जागी एक-दोन तास ठेवा. मग रोज थोडा वेळ वाढवत आधी सकाळचे कोवळे ऊन आणि सर्वांत शेवटी दुपारचे ऊन द्या. सात ते दहा दिवसांत रोपे काटक होतात. या दिवसांत वाऱ्यामुळे कुंड्या घरातल्यापेक्षा खूप लवकर सुकतात, म्हणून उचलून पाहण्याचा नेम सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा ठेवा. मिरचीला मात्र अजून महिनाभर दिव्याखालीच राहू द्या.