मदत हवी: जुन्या टाकुमार लेन्सची पिवळी काच घासून घ्यावी का?

नमस्कार मंडळी, मी परभणीची. सेलूचा मामांचा फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्यांचा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक आणि सुपर-टाकुमार ५० मिमी एफ १.४ लेन्स माझ्याकडे आली. बुरशी नाही, कोटिंग शाबूत. पण पांढऱ्या कागदावर धरली की काच कोऱ्या चहासारखी दिसते आणि मिररलेस (आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्यावर लावली की फोटोत पिवळी झाक येते.

इथले एक दुरुस्तीवाले म्हणाले, "मागची काच घासून पॉलिश करून देतो." द्यायला निघाले तर भाचा म्हणाला, मावशी, या काचेत थोरियम असतं, किरणोत्सर्गी आहे ती. घरात तीन वर्षांची मुलगी आहे आणि लेन्सचं कपाट तिच्या पलंगाशेजारीच. मामांची वस्तू टाकवत नाही, पण लेकरापेक्षा ती मोठी नाही. काय करू?

प्रतिसाद:
ताई, घासायला मुळीच देऊ नका. पिवळेपणा वरचा थर नाही, थोरियमच्या किरणांनी काचेच्या आतच झालेला बदल आहे; घासून जाणारच नाही. उलट बारीक धूळ उडेल. थोरियममधून निघणारे अल्फा कण (एक प्रकारचा किरणोत्सर्ग) एरवी साध्या कागदानेही अडतात, पण ती धूळ श्वासातून गेली तर ते थेट फुफ्फुसात मारा करतील. त्या दुरुस्तीवाल्या भाऊंनाही हे नक्की सांगा, त्यांचा तर रोजचाच धंदा आहे.

भाच्याचं बरोबर आहे. या लेन्सच्या पहिल्या, आठ भिंगांच्या आवृत्तीत थोरियम नव्हतं. नंतरच्या सात भिंगांच्या आवृत्तीत मागच्या बाजूला आहे. थोरियमने काचेचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची क्षमता) वाढतो आणि रंग फारसे फाकत नाहीत, म्हणून वापरायचे. पुढे त्याची जागा लँथॅनमने घेतली. आपल्याकडे वरातीत गॅसबत्त्या असायच्या, त्यांच्या मेंटलमध्येही थोरियमच असायचं.

अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचा अंदाज असा: वर्षातले ३० दिवस, रोज ६ तास असा कॅमेरा जवळ बाळगला, तरी वर्षाला जास्तीत जास्त ०.०२ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजायचं एकक). निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. तरीही लेन्स मुलीच्या खोलीत नको. अंतर वाढलं की मारा झपाट्याने कमी होतो, म्हणून दुसऱ्या खोलीत उंचावर, कुलपात ठेवा. दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगासारखी (नेत्रिका) डोळ्याला लावू नका.

झाक घालवायला अतिनील एलईडी दिव्याखाली काही दिवस ठेवा, खाली अॅल्युमिनियम फॉइल अंथरा, दिव्याकडे बघू नका. आपल्या एप्रिलच्या उन्हात गच्चीवर नको: आतलं ग्रीस पातळ होऊन लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पाकळ्यांवर येतं, आणि भिंगातून ऊन एकवटून कापड पेटू शकतं.

मागच्या काचेला टवका किंवा तडा आहे का? असेल तर हात न लावता आधी इथे कळवा.