मदत हवी आहे: पुरवठ्याचा धक्का बसला तर व्याजदर वाढवून काय साधतं?

स्थूल अर्थशास्त्र नुकतंच शिकायला घेतलंय. मागणी आटल्यामुळे आलेली मंदी समजते. लोक हात आखडता घेतात, माल पडून राहतो, कामगारकपात होते. मग सरकार खर्च वाढवतं, मध्यवर्ती बँक व्याजदर उतरवते. १९३० च्या दशकातली महामंदी या चौकटीत बसते.

घोडं अडतं ते पुरवठाच अचानक आटतो तेव्हा, म्हणजे १९७३ च्या तेलसंकटापाशी. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. एकूण मागणी आणि एकूण पुरवठा दाखवणाऱ्या आकृतीत पुरवठ्याची रेषा डावीकडे सरकवली की किंमत पातळी वर जाते आणि उत्पादन खाली. म्हणजे महागाई आणि बेरोजगारी एकदमच! दर वाढवले तर नोकऱ्या जाणार, उतरवले तर महागाई भडकणार. शिवाय दर वाढवून तेल काही जास्त निघत नाही.

पुढे अमेरिकेत मध्यवर्ती बँकेचे (फेडरल रिझर्व्हचे) अध्यक्ष पॉल व्होल्कर यांच्या काळात व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास गेले, १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर पोहोचली आणि महागाई खरंच उतरली. ती नुसती मागणी दाबल्यामुळे, की भाव वाढतच राहणार ही लोकांची अपेक्षा मोडल्यामुळे? मला दुसरं कारण जास्त पटतं. पण ते आकृतीत कसं दाखवायचं? अपेक्षा खाली आल्या की अल्पकालीन पुरवठ्याची रेषा पुन्हा उजवीकडे सरकते, असं धरायचं का?

इतक्या लोकांचा रोजगार जाण्याआधीच अपेक्षा बदलता आल्या असत्या का, हेही कुणी जाणकारांनी समजावलं तर फार मदत होईल.