गिअरबॉक्स शेवटचा बोटभर आत जातच नाहीये, मदत हवी आहे

खटपट्या:
जुन्या गाडीचा क्लच घरीच बदलतोय. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं नवीन. गिअरबॉक्स परत इंजिनाला जोडताना बोटभर फट राहते आणि तिथेच अडतो. हलवून, ढकलून, खालून जॅकने रेटून झालं. हात भरून आलेत. उद्या गाडी लागणार आहे, लवकर सांगा.

पानेवाला:
गाडी पुढच्या चाकांवर चालणारी की मागच्या? क्लच प्लेट सेंटर, म्हणजे बरोबर मध्यावर, कशाने केली?

खटपट्या:
पुढच्या. केबलचा क्लच. सेंटर केलीय.

पानेवाला:
अहो, कशाने? नजरेने की टूलने?

दणकट:
इतकं काय विचारताय! दोन लांब बोल्ट समोरासमोर लावा, थोडे थोडे आवळत जा, आपोआप ओढला जातो. मी नेहमी असंच करतो.

सुमेधा_क:
कृपा करून असं करू नका. गिअरबॉक्सचा शाफ्ट स्प्लाइनमध्ये, म्हणजे क्लच प्लेटच्या मधल्या भोकातल्या दात्यांमध्ये, नीट शिरला नसताना बोल्टने ओढलं तर प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो, नाहीतर बेल हाउसिंगचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या क्लचवरच्या कवचाचा, बोल्टचा कान तुटतो. ॲल्युमिनियम आहे ते. आणि हब वाकलेला कळतो कधी? सगळं जोडून झाल्यावर, क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही तेव्हा. मग पुन्हा सगळं खाली. गिअरबॉक्स हातानेच बसला पाहिजे, बोल्ट त्यानंतर.

दणकट:
माझा आजवर एकही कान तुटलेला नाही.

सुमेधा_क:
तुमचा तुटला नाही म्हणून यांचाही तुटणार नाही, असं कसं? खटपट्या, गिअरबॉक्स आत्ता कशावर टेकलाय? नुसता शाफ्टवर लटकत असेल तर आधी खाली आधार द्या, त्या वजनानेही प्लेट वाकते. आणि गाडी जॅक स्टँडवर आहे ना? नुसत्या जॅकवर असेल तर खाली शिरू नका.

खटपट्या:
स्टँडवर आहे. सेंटर टूलने केलीय, प्लास्टिकचं किटमध्येच होतं. गिअरबॉक्स ट्रॉली जॅकवर आहे.

मंद_गती:
क्लचच्या पेडलवर पाय टेकवून चालवायची सवय मोडा. चढावर गाडी हँडब्रेकने धरावी, अर्ध्या क्लचवर नाही. प्लेट खूप टिकते.

खटपट्या:
धन्यवाद, पण माझी प्लेट नवीन आहे आणि गिअरबॉक्स बाहेर आहे.

चौथा_गिअर:
फ्लायव्हील (इंजिनाची जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते) बघितलं का? निळे डाग किंवा बारीक चिरा असतील तर नवी प्लेटसुद्धा थरथरेल. माझी गाडी सुटताना भयंकर थरथरते, प्लेट बदलून फार दिवस झाले नाहीत. काय असेल?

दणकट:
इंजिन माउंट बघा.

पानेवाला:
तुम्ही वेगळा धागा काढा. खटपट्या, फट सगळीकडे सारखी आहे का? सारखी असेल तर अडचण स्प्लाइनची. वर कमी, खाली जास्त असेल तर अडचण कोनाची.

खटपट्या:
आत्ता टॉर्च घेऊन बघितलं. वर जवळजवळ टेकलाय, खाली बोट जातं.

पानेवाला:
मग प्लेटला हात लावू नका. गिअरबॉक्सकडचं माउंट काढल्यावर इंजिन त्या बाजूला झुकलंय, म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडं समांतर नाहीत. इंजिनाच्या त्या बाजूला ऑइल पॅनखाली रुंद लाकडी ठोकळा ठेवून जॅकने अगदी थोडं उचला. फट वर-खाली सारखी झाली की थांबा. मध्ये वायर किंवा मागची पत्र्याची प्लेट अडकली नाही ना, तेही बघा. मग गिअरबॉक्स गिअरमध्ये टाका. एकाने तो आत दाबून धरायचा, दुसऱ्याने क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या दुसऱ्या टोकाच्या, पट्टा फिरवणाऱ्या चाकाच्या) बोल्टला पाना लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेने, जरासं फिरवायचं. दाते जुळले की सरकतो.

सुमेधा_क:
आणि डॉवेल पिनांवरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत बसवणाऱ्या खुंट्यांवरचा) गंज घासून काढा. स्प्लाइनला ग्रीस अगदी पुसट लावा, जास्त झालं तर उडून प्लेटवर जातं.

खटपट्या:
बसला!! इंजिन थोडं उचललं, भावाने पुली फिरवली आणि हाताने आत गेला. आता बोल्ट समोरासमोर आवळतोय. मग ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारे दांडे), केबल, आणि लगेच चालू करून बघतो.

पानेवाला:
थांबा. ड्राइव्ह शाफ्ट काढताना गिअर ऑइल सांडलं असेल, ते भरलंत का?

खटपट्या:
नाही. किती भरू?

पानेवाला:
शाफ्ट बसवून झाले की गाडी सपाट करा आणि बाजूच्या फिलर प्लगमधून ओघळू लागेपर्यंत भरा. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेलीच. त्याआधी चावी फिरवू नका.