संकटात मुख्यमंत्री पास की नापास, कशावरून ठरवायचं?

वादपटू_लातूर: कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेसाठी मी 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारी भूकंप घेतोय. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, ‘त्याच दिवशी सकाळी साहेब किल्लारीत हजर होते.’ एवढ्यावर पास म्हणायचं का?

सदाशिवपेठी: बेलाशक. भूकंप पहाटे चारच्या सुमारास, आदली रात्र अनंत चतुर्दशीची, अख्खी पोलीस यंत्रणा जागरणानं थकलेली. मुख्यमंत्री स्वतः उभा राहिला की खालचे पळतात.

जुना_तलाठी: पळालो ना, मी त्यातलाच. पहिल्या महिन्याचे पूर्ण मार्क मीही देतो. पण पोरा, पेपर दोन होते: एक बचावाचा, दुसरा पुनर्वसनाचा.

52 गावं पुरती उठवून दुसरीकडं वसवली. लोकांनीच मागितलं होतं म्हणा. माळवदाखाली, म्हणजे मातीच्या जड छपराखाली, घरचं माणूस गेलेला म्हणतो, ‘इथं परत पाय ठेवणार नाही.’ त्या भीतीच्या भरात विचारल्यावर दुसरं काय उत्तर येणार? घरं जमिनीच्या हिशेबानं: भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतच्यांना 250 चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत 400, पुढं 750. आता सातबारा बापाच्या नावावर आणि तीन भावांच्या चुली वेगळ्या, तर कुटुंबं किती धरायची? माझ्यापुढं भाऊ भाऊ हातघाईवर आलेले आहेत. नवं गाव सरळ रेघांचं, रस्ते ऐसपैस. भावकी मात्र चार टोकांना फेकली गेली, रान लांब पडलं. गोठ्याला जागा नाही, म्हणून पुढच्या खोलीत कडबा.

या पेपराला मी काठावर पास म्हणेन. तेही यासाठी की कमी पडझडीच्या गावांत वेगळी रीत धरली. दुरुस्तीचे पैसे हप्त्याहप्त्यानं मालकाच्या खात्यात, काम त्यानं स्वतः करून घ्यायचं. गावोगावी बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या. भूकंपात भिंत धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्याशिवाय भिंत वर चढवणाऱ्या गवंड्याला त्यांनी थांबवलेलं मी पाहिलंय. हे भाषणात घे, बाकीचे फक्त साहेबांची पहिल्या दिवसाची हजेरी सांगतील.

सदाशिवपेठी: तलाठीसाहेब, सगळं पुनर्वसन मुख्यमंत्र्याच्या खात्यावर कसं टाकता? जागतिक बँकेचं कर्ज, अधिकारी वेगळे, आणि 1995 ला सरकारही बदललं.

जुना_तलाठी: मग पहिल्या दिवसाचं श्रेय तरी एकट्याचं कसं? ढिगारे लष्करानं उपसले. मुख्यमंत्र्याकडं मी निर्णय बघतो. स्थलांतर हा निर्णय होता.

लोकलवाला: त्याच वर्षीचं मार्चही घ्या. 12 मार्चला मुंबईत 12 स्फोट झाले आणि पवारांनी तेरावा मशीद बंदरला, म्हणजे मुस्लिम वस्तीत, झाल्याचं सांगितलं. दंगल पेटू नये म्हणून खोटं बोललो, हे पुढं त्यांनीच कबूल केलं. पास की नापास?

वादपटू_लातूर: बापरे, हे तर विरोधी बाजू मलाच विचारणार. तलाठीकाका, तुम्ही काय म्हणाल?

जुना_तलाठी: त्या रात्री पास. पण पुढच्या वेळी सरकारनं खरं सांगितलं तरी लोक विश्वास ठेवतील का, हे तू त्यांना उलट विचार. आणि किल्लारीला एकदा जाऊन ये, लातुरात बसून बोलू नकोस.