प्राध्यापक किती जणांना ए ग्रेड देतात, हे विद्यार्थ्यांना आधी कळावं का?

मुक्ता_मॅडिसन
मुलगी विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला शिकते. कोर्स घ्यायच्या आधी ती 'मॅडग्रेड्स' ही वेबसाइट बघते. विषय टाकला की शिकवणाऱ्याच्या नावासकट आलेख येतो: कुठल्या सत्रात किती ए, किती एबी (ए आणि बी यांच्या मधली ग्रेड), किती बी, थेट एफपर्यंत, म्हणजे नापासापर्यंत. आकडे विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचेच, साइटने फक्त आलेख काढलेत.

मला हे पूर्ण योग्य वाटतं. विद्यापीठ सरकारी आहे, लोकांच्या पैशावर चालतं. आणि ही माहिती आधीही फिरत होतीच, पण ज्यांची सीनियर्सशी ओळख त्यांच्यातच. नागपूर-नांदेडहून एमएसला आलेल्या पोराला कोण सांगणार? बऱ्याच विभागांत जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, 3.0 च्या खाली गेला की प्रोबेशन (सुधारा नाहीतर जा, अशी ताकीद), आणि मग टीएशिप, म्हणजे प्राध्यापकाला शिकवण्यात मदत करायची नोकरी, धोक्यात. फी त्यातूनच सुटत असते. तुम्हाला काय वाटतं?

सदानंद_प्रा
साफ विरोध. अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठाने हे करून पाहिलंय. 1998 पासून कोर्सनिहाय मीडियन ग्रेड (वर्गातल्या बरोबर मधल्या विद्यार्थ्याची ग्रेड) वेबसाइटवर टाकल्या. हेतू चांगला होता, कडक कोर्समधल्या बी ची किंमत कळावी हा. 2009 मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास आला: मुलं सढळ ग्रेडच्या कोर्सकडे वळली होती आणि त्यामुळे ग्रेड आणखी फुगल्या होत्या. 2011 मध्ये कॉर्नेलने वेबसाइटवर आकडे देणं थांबवलं.

त्यात अमेरिकेतले अ‍ॅडजंक्ट शिक्षक, म्हणजे आपल्या तासिका तत्त्वावरच्यांसारखेच. वर्ग भरला नाही तर कोर्स रद्द, पुढच्या सत्राचं कंत्राट अधांतरी. अशा माणसाच्या नावापुढे एफ चे आकडे लावल्यावर तो पेपर कडक तपासेल?

मुक्ता_मॅडिसन
सर, कॉर्नेलचं उदाहरण अर्धवट आहे. मूळ ठरावात मीडियन ट्रान्सक्रिप्टवरही (गुणपत्रिकेवर) छापायचा होता. तो आला 2008 मध्ये दाखल झालेल्या मुलांपासून. तोवर सोपा कोर्स कुठला हे मुलांना दिसत होतं, पण त्यांचा ए किती स्वस्त आहे हे नोकरी देणाऱ्याला दिसत नव्हतं. मग मुलं दुसरं काय करणार? दोष आकडे दाखवण्याचा नाही, एकाच बाजूला दाखवण्याचा आहे.

ओंकार_टीए
टीए म्हणून काम करतो, त्यामुळे एक सांगतो. या टक्केवारीत सहसा शेवटपर्यंत टिकलेलेच धरलेले असतात. पहिल्या मिडटर्मनंतर (सत्राच्या मधल्या परीक्षेनंतर) जे कोर्स सोडून जातात ते आलेखात नसतातच. त्यामुळे कधीकधी सगळ्यात कडक माणूस सगळ्यात उदार दिसतो. शेवटच्या वर्षाच्या छोट्या इलेक्टिव्हचंही (ऐच्छिक कोर्सचंही) तसंच, तिथे येतातच आवड असलेले, मग ए जास्त पडणारच. किती जणांनी नाव घातलं आणि किती उरले, हे नसेल तर तो आलेख मुलांची दिशाभूल करतो.

गोदाकाठ
आपल्याकडे संलग्न कॉलेजात शिकवतो एक आणि विद्यापीठाचा पेपर तपासतो भलताच. तिथे शिक्षकाच्या नावाने आलेख काढणं अन्यायच. पण स्वायत्त कॉलेजात पेपर काढणारा, तपासणारा आणि वर्गात उभा राहणारा एकच असतो. तिथे हे आकडे मुलांना मिळायलाच हवेत.

सदानंद_प्रा
ओंकार, तुझा मुद्दा पटला. मुक्ताताई, ट्रान्सक्रिप्टवर मीडियन छापा, माझी हरकत नाही. तिथे कोर्सचा आकडा असतो, माणसाचा नसतो. शिक्षकाच्या नावाला मात्र माझा विरोध कायम आहे. ज्याची नोकरी पक्की आहे तो ते सोसेल, अ‍ॅडजंक्टने कसं सोसायचं?