मदत हवी आहे: डिगॉक्सिन अंगात साठल्याने होणारे भास किती दिवसांनी थांबतात?

नमस्कार मंडळी,

सांगलीहून लिहितोय. आमचे आबा ७८ वर्षांचे. नाडी अनियमित पडते म्हणून बरीच वर्षं डिगॉक्सिनची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी चालू होती, शनिवार-रविवार सुट्टी. जोडीला लघवीची गोळी.

गेल्या महिन्यात त्यांना जुलाब लागले. पाठोपाठ छातीत कफ झाला म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं गेलं. तिथून जेवण तुटलं, मळमळ सुरू झाली आणि बोलणं भरकटलं. पांढऱ्या चादरीवर हळद सांडलीय म्हणून हाताने झटकत बसायचे. उभी हयात हळदीच्या पेठेत गेलेली, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटलं जुन्या आठवणी चाळवल्या असतील. रात्री खोलीत पाहुणे दिसायचे, 'त्यांना चहा टाक' म्हणून आईच्या मागे लागायचे. दाखवलं तर वयामुळे विसरभोळेपणा, असं सांगून मानसोपचाराची गोळी मिळाली.

परवा नाडी चाळिशीच्या खाली गेली तेव्हा मिरजेत ॲडमिट केलं. रक्तात डिगॉक्सिन ३.२ निघालं. २ च्या वर विषारी धरतात, आणि पोटॅशियम कमी असेल तर त्याआधीही त्रास होतो म्हणे. आबांचं पोटॅशियम कमीच होतं, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं, किडनी मंदावली आणि त्या अँटिबायोटिकने पातळी आणखी चढवली, असं डॉक्टरांनी समजावलं. पिवळं दिसणं, भास, गोंधळ हे सगळं त्यातलंच. इतकी वर्षं गोळी घेतोय, पण पिवळं दिसायला लागलं तर लगेच या, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. याचा फार त्रास होतोय.

गोळी बंद केलीय, मॉनिटर लावलाय. किडनी धड असेल तर निम्मं औषध उतरायला दीड-दोन दिवस लागतात, आबांना जास्त लागतील. नाडी सुधारतेय, पण काल रात्री पुन्हा पाहुणे आलेच.

तुमच्या घरात कुणाला हे झालं असेल तर सांगा: पातळी उतरल्यावर डोकं किती दिवसांनी ताळ्यावर आलं? पूर्ण आलं का? मानसोपचाराची गोळी पुढे चालू ठेवली होती का? अशा काही गोळ्यांनी ईसीजी बिघडतो, त्यामुळे हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती द्यायची नाही असं ठरवलंय. आणि भास होतायत तोवर रात्री त्यांच्याशी बोलायचं कसं? 'कुणी नाही इथे' म्हटलं की चिडतात, सलाईन उपसायला बघतात. आज रात्री त्यांच्यापाशी आई एकटीच थांबणार आहे, म्हणून जरा लवकर लिहा.