मदत हवी: नवीन बाईकच्या ऑन-रोड किमतीत भाव नेमका कुठं करायचा? (नागपूर)

नमस्कार मंडळी, दसऱ्याला नवीन गाडी काढायची आहे, १६० सीसीची. मॉडेल मुद्दाम सांगत नाही, नाहीतर धागा मायलेजवर घसरते आणि माझा प्रश्न तसाच राहते. रोज मनीषनगर ते हिंगणा एमआयडीसी करतो, त्यामुळे गाडी लागतेच. घोळ फक्त कोटेशनचा आहे.

शोरूमवाल्यानं लिहून दिलं ते असं: एक्स-शोरूम (म्हणजे नुसत्या गाडीची किंमत) १,२५,०००, आरटीओ १६,९००, इन्शुरन्स १३,८००, मग लॉजिस्टिक हँडलिंग ३,५००, अ‍ॅक्सेसरी किट ४,८०० आणि टेफ्लॉन कोटिंग १,२००. झाले १,६५,२००. म्हटलं दादा काही कमी करा, तर म्हणे एक्स-शोरूम कंपनीची फिक्स आहे सर, त्यात एक रुपया हलत नाही, मग आत मॅनेजरकडं जाऊन आला आणि मोठा उपकार केल्यासारखा म्हणाला, तुमच्यासाठी हेल्मेट फ्री करून देतो. आता हेल्मेट तर नवीन गाडीसोबत द्यायचं नियमातच आहे ना?

माझा हिशोब असा की आपल्याकडं १०० ते २९९ सीसीला टॅक्स ११ टक्के, म्हणजे १३,७५०. रजिस्ट्रेशनचे ३००, स्मार्ट कार्डचे २००, वरून थोडाफार सेस पकडला तरी १६,९०० कुठून येऊन राहिले? लोन नाही, नगदी घेऊन राहिलो, म्हणजे बँकेचा बोजा चढवायची फी पण नाही. आणि नगदी म्हटल्याबरोबर त्याचं तोंडच उतरलं, हे काऊन ते मला समजलं नाही.

किट नको म्हटलं तर म्हणे कंपल्सरी आहे, फिट होऊनच येते. त्यात साडीगार्ड, क्रॅश गार्ड, सीट कव्हर आणि टाकीवरचं एक स्टिकर आहे, स्टिकरचे पण पैसे!

घरी वेगळंच चालू आहे. मित्र म्हणते पितृपक्षात शोरूम रिकामे राहते, तेव्हाच बोल. आई म्हणते त्या पंधरवड्यात एक रुपया द्यायचा नाही. तर सांगा, कोणत्या ओळीवर अडून बसू आणि कोणती सोडून देऊ?

प्रतिसाद:
मी आधी टू-व्हीलरच्या काउंटरवर होतो म्हणून सांगतो. एक्स-शोरूमवर डोकं आपटू नका, टू-व्हीलरमध्ये डीलरचं मार्जिन तसंही बारीक असतं, कंपनीची स्कीम असेल तर तेवढी मागा आणि पुढं सरका. शोरूमचा खरा पैसा इन्शुरन्स, अ‍ॅक्सेसरी आणि फायनान्समध्ये असतो. तुम्ही नगदी म्हटलंत म्हणजे फायनान्सचं कमिशन गेलं, म्हणून तोंड उतरलं. नंतर तो ९ टक्क्यांचं लोन गळ्यात मारायला येईल, तेव्हा विचारा फ्लॅट (व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर) की रिड्युसिंग (व्याज फक्त उरलेल्या रकमेवर), कारण तीन वर्षांचं ९ फ्लॅट म्हणजे प्रत्यक्षात १६ च्या वर जातं.

"काही कमी करा" असं मोघम बोललात तर हेल्मेटच मिळणार. कोटेशनवर पेन ठेवायचा आणि एकेका ओळीला विचारायचं, हे कशाचे, याची पावती मिळेल का. हँडलिंग आणि टेफ्लॉनला उत्तर नसतं, ते पूर्ण काढायला लावा. आरटीओच्या रकमेत फाइल चार्ज मिसळलेला असणार. आता रजिस्ट्रेशन शोरूमच ऑनलाइन करतं, गाडी आरटीओत न्यावी लागत नाही, त्यामुळे म्हणा सरकारच्या 'वाहन' पोर्टलच्या पावतीवर असेल तेवढंच देतो. साडीगार्ड आणि मागच्याला धरायचं हँडल केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्येच आहे, ते किटमध्ये विकायची वस्तू नाही. नंबर प्लेट वेगळी लावली असेल तर तीही काढा, २०१९ पासून एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, गाडीसोबतच येते.

प्रतिसाद:
इन्शुरन्समध्ये दोन भाग आहेत हे लक्षात ठेवा. पाच वर्षांचा थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) सरकारनं ठरवलेला, १५० ते ३५० सीसीला २०२२ च्या दरानं ७,३६५ आणि वर जीएसटी, तो कुठंही तेवढाच. घासाघीस होते ती एक वर्षाच्या ओन डॅमेजवर (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा). १५ लाखांचं पीए कव्हर (मालक-चालकाचा अपघात विमा) तुमचं दुसरीकडं आधीच असेल तर ते पण वगळा. बाहेरचं कोटेशन मोबाइलवर दाखवलं की शोरूमवाले बहुतेक वेळा आपोआप खाली येतात.

आणि आईंचं मोडू नका. पितृपक्षात फक्त बोला, फायनल आकडा लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी घ्या, टोकन घटस्थापनेला द्या. टोकन परत मिळेल की नाही तेही त्याच कागदावर लिहून घ्या. गाडी हातात घ्यायच्या आधी फॉर्म २२ वर (कंपनीनं गाडीसोबत दिलेलं प्रमाणपत्र) कोणत्या महिन्यात बनली ते बघा, धूळ खात पडलेली गाडी असेल तर अजून भाव करायला जागा आहे.

प्रतिसाद:
भाऊ, दसऱ्याच्या दिवशी डिलिव्हरी घेशील तर भाव विसर, त्या दिवशी लाइन लागून राहते, तुले कोण विचारते बे. भाव आधीच पक्का कर. आणि येताना रहाटे कॉलनी, लक्ष्मीनगरकडून येऊ नको, दीक्षाभूमीची गर्दी राहते, नवीन गाडी क्लचवरच मरन.

धागाकर्ता:
धन्यवाद सगळ्यांना, घटस्थापनेची आयडिया आईला एकदम पटली. एकच राहिलं, पॉलिसी बाहेरून काढतो म्हटलं तर शोरूमवाला चेसिस नंबर देत नाही, म्हणते सिस्टीममध्ये होत नाही. मग काय करायचं?

प्रतिसाद:
होते सिस्टीममध्ये. इन्शुरन्स कोणाकडून घ्यायचा हे तुम्ही ठरवता, शोरूम नाही. गाडी अलॉट झाली की चेसिस आणि इंजिन नंबरसकट इनव्हॉइसची कॉपी मागा, त्यावर पॉलिसी निघते. तोंडी नाही म्हणाला तर म्हणा हेच ईमेलवर लिहून द्या.